केनित्रात घर, रबातला शिक्का: मोरोक्कोचं निवास-कार्ड काढताना

मोरोक्कोत नोकरीला येणाऱ्याला एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. इथे एकाच शहरात बसून सगळं काम उरकत नाही. पैशाचे व्यवहार कासाब्लांकात, सरकारी शिक्के रबातमध्ये, बोटीने येणारा-जाणारा माल टँजियरला, आणि तुमचं कार्ड मात्र तुम्ही राहता त्या गावच्या पोलिसांकडे. कुठलं शहर कशासाठी आहे हे डोक्यात बसलं की निम्मी धावपळ वाचते. माझं कार्ड झालंय, नवऱ्याचं आता सुरू आहे. तारखा आणि खर्च विसरायच्या आत लिहून ठेवते.

नोव्हेंबर 2024 मध्ये मला केनित्राच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वाहन-भाग कंपनीकडून नोकरीचं पत्र आलं. चाकणला गुणवत्ता विभागात काम केलेलं, त्यामुळे कामाची भीती नव्हती. केनित्रा कुठे आहे ते मात्र नकाशात शोधावं लागलं. राजधानी रबातच्या उत्तरेला साधारण 40 किलोमीटरवर, सेबू नदीच्या काठी. फ्रेंचांनी 1912 मध्ये बंदर म्हणून वसवलेलं गाव, एके काळी त्याचं नावच पोर्ट ल्योते होतं. आजूबाजूला घार्बचं सपाट, सुपीक मैदान आहे, तिथे ऊस आणि स्ट्रॉबेरी दोन्ही पिकतात. 2019 पासून प्यूजो गाड्यांचा मोठा कारखाना इथे आहे आणि त्याच्या भोवती सुट्या भागांचे पुरवठादार जमलेत. चाकणची सवय असलेल्याला हे चित्र ओळखीचं वाटतं.

पहिला टप्पा पुण्यातच. पदवी, अनुभवाची पत्रं, जन्मदाखला, विवाह नोंदणी दाखला या सगळ्यावर अपोस्टील हवं, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा सरकारी शिक्का. भारत आणि मोरोक्को दोघेही अपोस्टील करारात असल्यामुळे त्यानंतर वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. आधी राज्य शासनाकडून पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. मंत्रालयाची फी कागदामागे 50 रुपये, पण मध्ये जी अधिकृत एजन्सी असते तिचे पैसे वेगळे, आणि पडताळणीला एजंट धरलात तर त्याचे आणखी वेगळे. खासगी कंपनीचं अनुभवपत्र थेट चालत नाही, त्याला आधी नोटरी वगैरे सोपस्कार लागतात. पासपोर्ट कार्यालयाचा पोलिस दाखला म्हणजे पीसीसी 500 रुपयांत झाला.

इथे एक सूचना, खास आपल्या लोकांसाठी. जुने जन्मदाखले फक्त मराठीत असतात. मोरोक्कोतला शपथबद्ध अनुवादक इंग्रजीतून फ्रेंच किंवा अरबी करून देतो, मराठीतून करणारा मिळायचा नाही. महापालिकेकडून मराठी-इंग्रजी असा नवा दाखला आधी काढा आणि अपोस्टील त्याच्यावर घ्या. उलट्या क्रमाने केलंत तर सगळं पुन्हा करावं लागतं.

दरम्यान कंपनीची बाजू मोरोक्कोत चालू होती. परदेशी माणसाला नोकरीवर घ्यायचं तर आधी तिथल्या रोजगार संस्थेकडून, म्हणजे अनापेककडून, या जागेसाठी स्थानिक उमेदवार मिळाला नाही असा दाखला लागतो. मग परदेशी कामगारांसाठीचा ठराविक नमुन्याचा करार भरून रबातच्या रोजगार मंत्रालयाकडे पाठवायचा. त्यावर मंत्रालयाचा शिक्का उमटला की तो करार घेऊन आपण दिल्लीतल्या मोरोक्कोच्या वकिलातीत व्हिसा मागायचा. पर्यटकांचा ई-व्हिसा काढून यायचं आणि मग बघू, असं सुचवणारे भेटतील. माझं मत स्पष्ट आहे: नोकरीसाठी येत असाल तर शिक्क्याची वाट बघा. मी डिसेंबर-जानेवारी घरी बसून काढला. आई रोज विचारायची, आलं का ग काही? रोज नाही म्हणताना माझाच धीर सुटायला लागला होता. नोकरीचा राजीनामा दिलेला, आणि पुढचं अवघं आयुष्य ज्या इमारतीत अडकलंय ती कधी पाहिलेलीही नाही.

शिक्का फेब्रुवारीच्या सुरुवातीला आला. व्हिसा झाल्यावर मी मुंबई-दुबई-कासाब्लांका अशी शनिवारी, 22 फेब्रुवारी 2025 ला उतरले. त्याच रात्री देशाचं घड्याळ एक तास मागे गेलं. मोरोक्को एरवी ग्रिनिचच्या एक तास पुढे असतो आणि रमजानच्या आसपास, महिना सुरू व्हायच्या थोडं आधीच, ग्रिनिचवर येतो. भारताशी साडेचार तासांचा फरक रातोरात साडेपाच तासांचा झाला. सकाळी आईला फोन करण्याचा माझा सगळा हिशेब चुकला.

मोहम्मद पाचवे विमानतळ शहरापासून बराच बाहेर, नुआसेरला आहे. तिथूनच रेल्वे मिळते. पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का तिथल्या तिथे तपासा. तारीख अस्पष्ट उठली असेल तर लगेच सांगा, कारण निवास-कार्डाचा अर्ज त्या तारखेपासून 90 दिवसांच्या आत करायचा असतो आणि पुढे प्रत्येक कार्यालयात त्याच पानाची झेरॉक्स मागतात.

कंपनीचं बँक खातं, विमा, लेखापाल सगळं कासाब्लांकात असल्याने पहिला आठवडा मी तिथेच काढला. हे शहर 30 लाखांच्या पुढचं, देशातलं सगळ्यात मोठं. मोठ्या बँकांची मुख्यालयं इथे, 1929 पासूनचा शेअर बाजार इथे, शहराला लागून व्यापारी बंदर. लोक त्याला नुसतं ‘कासा’ म्हणतात. मुंबई राजधानी नाही पण मुंबईवाचून चालत नाही, तसं कासाचं आहे, आणि रबातच्या लोकांबद्दल बोलताना कासाकरांचा सूरही दिल्लीबद्दल बोलणाऱ्या मुंबईकराचाच असतो. समुद्रावर बांधलेली हसन दुसरे मशीद एकदा जरूर बघा. 1993 मध्ये पुरी झाली, मिनार 200 मीटरच्या वर. मोरोक्कोतल्या बहुतेक मशिदींत मुस्लिमेतरांना आत जाता येत नाही, इथे ठरलेल्या वेळी तिकीट काढून जाता येतं. पण शहराचा खरा चेहरा मला मोहम्मद पाचवे रस्त्यावर दिसला. फ्रेंच काळातल्या पांढऱ्या, नक्षीदार गॅलऱ्यांच्या इमारती, काहींना नवा रंग, काहींचे गिलावे पडलेले, आणि मधून ट्राम.

कार्ड नसताना परदेशी माणसाला परकीय चलनातून भरायचं, परिवर्तनीय दिरहमचं खातं उघडता येतं. बँकेने पासपोर्ट, शिक्का असलेला करार आणि कंपनीचं पत्र मागितलं. 2025 मध्ये एक दिरहम साधारण नऊ-साडेनऊ रुपयांचा होता. सुटीत घरी जाताना खिशात 2,000 दिरहमपेक्षा जास्त रोकड देशाबाहेर नेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

2 मार्चला रमजान सुरू झाला. सरकारी कचेऱ्या नऊ ते तीन. दुपारनंतर कुणाला कागद दाखवायचा विचारही करू नये, आणि खरं सांगायचं तर दाखवणं बरंही दिसत नाही. लोक पहाटेपासून पाण्याचा घोट न घेता बसलेले असतात. मी सकाळी साडेआठला दारात उभी राहायची. संध्याकाळी उपास सुटण्याच्या आधीचा अर्धा तास रस्ते वेड्यासारखे वाहतात आणि मग एकदम सामसूम होते. शाकाहारी असाल तर हरीरा मागण्याआधी विचारा, डाळ-चण्याच्या त्या सूपमध्ये बरेचदा मांस असतं. बिसारा मात्र बिनधास्त घ्या. वाळलेल्या बाकल्याचं दाट सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरं. त्या महिन्यात मी त्याच्यावरच तगले.

केनित्रात भाड्याचं घर मिळालं. करारनामा दोन्ही बाजूंनी सही करून भागत नाही. घरमालक आणि मी मिळून वॉर्डाच्या कचेरीत गेलो, तिथल्या वहीत सह्या केल्या, मग शिक्का. या सहीच्या साक्षांकनाला तिकिटाचे दोन-चार दिरहम लागतात, पण हे काम इतक्या वेळा पडतं की सुटे पैसे वेगळे ठेवावेत. निवडलेली कचेरी जवळची असेल आणि सकाळची वेळ असेल तर पंधरा मिनिटांत होतं. आमच्या मालकांना हिंदी सिनेमे पाठ होते. रांगेत उभ्या-उभ्या त्यांनी मला अमिताभबद्दल इतके प्रश्न विचारले की मी फारच कमी सिनेमे पाहिलेत हे त्यांना उघड कळलं.

आता फाइल. पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागात द्यायचे कागद असे होते: दोन प्रतींत अर्ज, फोटो, पासपोर्टच्या आणि प्रवेश-शिक्क्याच्या झेरॉक्स, मंत्रालयाचा शिक्का असलेला नोकरीचा करार, घराचा साक्षांकित करार, स्थानिक डॉक्टरचं आरोग्य प्रमाणपत्र, गुन्हे-नोंदीचा दाखला, आणि वर्षाला 100 दिरहम या दराने शुल्काचं तिकीट. डॉक्टरने नाडी, रक्तदाब बघून 250 दिरहम घेतले. अनुवादकाने पानावर पैसे लावले, आणि माझ्या पदवीच्या मागच्या बाजूला असलेल्या अपोस्टीलचंही एक पान धरलं. तेही रास्त आहे, कारण कचेरीत अपोस्टीलचा अनुवादही मागतात. सगळ्याचे दोन संच करा, तिसरा स्वतःसाठी.

गुन्हे-नोंदीच्या दाखल्याने मला रबात दाखवलं. मोरोक्कोत जन्मलेल्याला हा दाखला जन्मगावच्या न्यायालयातून मिळतो. देशाबाहेर जन्मलेल्यांची नोंद रबातच्या न्याय मंत्रालयात, केंद्रीय विभागात असते. माझा जन्म साताऱ्याचा, म्हणजे मी रबातची. अर्ज ऑनलाइन करता येतो, पण माझ्या नावाने तिथे अडवलं. अर्जात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असे वेगळे रकाने. माझ्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात माझं नाव आणि लग्नानंतरचं नवऱ्याचं नाव एकत्र, जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. समोरच्या बाईंना हे नवऱ्याचं नाव माझं दुसरं नाव वाटलं, आणि जन्मदाखल्यावरची मुलगी कुणी दुसरीच. आपल्याकडे शाळेपासून हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते समजावून सांगायची वेळ येईल असं वाटतच नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुमच्या वकिलातीचं पत्र आणा.

भारताची वकिलात रबातमध्येच आहे, ही मोठी सोय. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रमाणपत्र मागायचं, त्यासाठी पासपोर्ट, जन्मदाखला, विवाह दाखला आणि स्वतःचं प्रतिज्ञापत्र न्यायचं. माझं सांगणं एवढंच, की मराठी बायकांनी हे पत्र पहिल्याच आठवड्यात काढून ठेवावं, कुणी मागण्याची वाट बघू नये.

केनित्राहून रबातला लोकलसारख्या गाडीने अर्धा-पाऊण तास लागतो. मी मार्च-एप्रिलमध्ये इतके फेरे मारले की फलाटावरचा चहावाला साखर कमी घालायला शिकला. इथल्या पुदिन्याच्या चहात घालतात तेवढी साखर आपल्याकडे श्रीखंडात घालतात. रबात शांत आहे. रुंद रस्ते, झाडं, निळ्या छोट्या टॅक्सी, पाटी लावलेली मंत्रालयं. हसन भागात जुनी, हाय रियादमध्ये नवी कार्यालयं, त्यामुळे निघण्यापूर्वी नेमका पत्ता विचारून घ्या. छोटी टॅक्सी तीनच माणसं घेते आणि शहराची हद्द ओलांडत नाही. प्रत्येक शहराचा तिचा रंग ठरलेला: रबात निळा, कासा लाल. बू रेग्रेग नदीच्या पलीकडे साले शहर आहे, तिथे राहून इकडे कामाला येणाऱ्यांची गर्दी सकाळच्या ट्राममध्ये असते. काम आटोपलं की मी उदाया किल्ल्यावरून समुद्र बघत बसायची आणि मग गाडी पकडायची.

हे राजधानीपण रबातकडे आलं ते 1912 मध्ये. माझा एक सहकारी फेसचा आहे. त्याच्या मते ती शुद्ध चोरी आहे. त्या वर्षी मार्चमध्ये सुलतानाने फेसमध्येच फ्रान्सच्या संरक्षित राज्याच्या तहावर सही केली, एप्रिलमध्ये शहरात उठाव झाला, आणि फ्रेंचांचा इथला मुख्य प्रशासक ल्योते याने ठरवलं की डोंगराआडच्या या धगधगत्या शहरापेक्षा समुद्रकाठी राहिलेलं बरं. कारभार रबातला गेला, व्यापार कासाला. 1956 मध्ये देश स्वतंत्र झाला तरी ती वाटणी तशीच राहिली. माझ्या फाइलच्या प्रवासाचं मूळ या वाटणीत आहे हे कळल्यावर माझा राग थोडा निवळला.

31 मार्चला ईद झाली, 6 एप्रिलला घड्याळ पुन्हा पुढे गेलं, आणि कचेऱ्या नेहमीच्या वेळेवर आल्या. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात दाखला मिळाला आणि त्याच आठवड्यात मी केनित्राच्या पोलिस कार्यालयात फाइल दिली. अधिकाऱ्याने एकेक पान उलटलं, एक झेरॉक्स फिकट आली म्हणून परत आणायला सांगितली. समोरच दुकान असतं, तिथल्या माणसाला कुठला कागद कसा हवा ते अधिकाऱ्याइतकंच ठाऊक असतं. बोटांचे ठसे, फोटो, आणि शेवटी हातात पावती आली. साधा कागद, पण त्या रात्री मी पहिल्यांदा गाढ झोपले. या पावतीवर देशात मोकळेपणी राहता-फिरता येतं, हॉटेलात दाखवता येते. देशाबाहेर जायचं असेल तर आधी त्याच कार्यालयात विचारून घ्या.

पावती आणि कार्ड यांच्यामधला काळ मी देश बघण्यात घालवला. फेसला गाडी केनित्राहूनच मेकनेसमार्गे जाते. फेसचं जुनं शहर म्हणजे हजारो बोळ, मोटार आत जातच नाही, सिलिंडरपासून फ्रिजपर्यंत सगळं गाढव, खेचर किंवा हातगाडीवर. मागून ‘बालाक’ अशी हाक आली की भिंतीला चिकटायचं. करावीयीन ही मशीद आणि विद्यापीठ इथेच, 859 मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईने उभारली असं परंपरा सांगते. शतकानुशतकं धर्मशास्त्र शिकायला लोक इथे येत राहिले, आणि अजूनही मोरोक्कोत कुणी ‘फेसचा’ म्हटलं की शिकलेलं, व्यापारी, थोडं ताठ घराणं डोळ्यासमोर येतं. चुन्याच्या आणि रंगाच्या कुंडांत उभं राहून कातडं कमावणारे लोक वरच्या गच्चीतून दिसतात. नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतात. मला त्या वासापेक्षा वरून फोटो काढणाऱ्यांची गर्दी जास्त खुपली. राजधानी गेली, पण शहर स्वतःला अजून दुय्यम समजत नाही.

मेकनेसला उतरले ती सुलतान मौले इस्माईलचा दरवाजा बघायला. माराकेश एकदा सासू-सासरे आले तेव्हा झालं. पर्यटनावर जगणारं शहर आहे, जमा एल-फ्ना चौकात प्रत्येक गोष्टीचा भाव आधी ठरवा, फोटोचासुद्धा. अगादिर राहिलंय. 1960 च्या भूकंपात ते जवळजवळ पुरतं कोसळलं आणि पुन्हा वसवलं, त्यामुळे तिथे जुनं शहर असं फारसं उरलं नाही, समुद्रकिनारा आणि मासेमारी आहे.

टँजियरला मात्र कामासाठीच जाणं झालं. 2018 पासूनची अल-बुराक ही वेगवान गाडी केनित्राहून तिथे तासाच्या आत पोचवते, कारण ताशी 320 किलोमीटरचा तिचा पट्टा नेमका या दोन शहरांमध्ये आहे. एप्रिल 2025 मध्ये हाच मार्ग केनित्राहून पुढे माराकेशपर्यंत न्यायच्या कामाला सुरुवात झाली. टँजियरपासून थोड्या अंतरावर टँजर मेद बंदर आहे, 2007 मध्ये सुरू झालेलं. जवळच रेनोचा कारखाना, आणि त्याच्या गाड्या रेल्वेने सरळ बोटीपर्यंत. स्वच्छ दिवशी पलीकडे स्पेन दिसतो, सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी 14 किलोमीटर. आमच्या कंपनीचे सुटे भाग युरोपात दोन-तीन दिवसांत कसे पोचतात हे मला धक्क्यावर उभं राहून पाच मिनिटांत समजलं. पुण्यात बसून कितीही तक्ते बघितले असते तरी समजलं नसतं.

परतीच्या गाडीत एक तमिळ गृहस्थ भेटले, जोर्फ लास्फारच्या खत प्रकल्पात काम करणारे. खुरिब्गाच्या खाणीतला फॉस्फेट नळातून गाऱ्याच्या रूपात 187 किलोमीटर वाहत समुद्रापर्यंत येतो, तिथे आम्ल आणि खत होतं, आणि मोठा वाटा भारतात जातो, असं त्यांनी सांगितलं. आमच्या गावी डीएपीच्या पोत्यासाठी लागणाऱ्या रांगेचं दुसरं टोक असं अचानक गाडीत भेटलं. त्यांचं कार्ड अल जदीदाला झालं होतं, आणि गुन्हे-नोंदीच्या दाखल्यासाठी तेही रबातलाच गेले होते.

कार्ड जूनच्या अखेरीस मिळालं. पहिलं कार्ड एका वर्षाचंच असतं, नूतनीकरणाला पुढे जास्त वर्षांचं मागता येतं. त्यासाठी मुदत संपण्याच्या दोन महिने आधी कागद जमवायला घ्या, कारण घराचा करार आणि नोकरीचा करार दोन्ही तेव्हा चालू असावे लागतात. कार्ड हाती येताच बँकेत कळवा, मोबाइलचं सिम स्वतःच्या नावावर करून घ्या, आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या साक्षांकित प्रती वॉर्ड कचेरीतून काढून ठेवा.

नवऱ्याची फाइल ऑगस्टमध्ये लावली. त्याला नोकरीच्या कराराऐवजी विवाह दाखला आणि माझ्या उत्पन्नाचे कागद लागतात. विवाह दाखल्याचा फ्रेंच अनुवाद झालाय, घराच्या करारात त्याचं नाव घालून पुन्हा सह्या केल्यात. जन्म सांगलीचा असल्याने त्याचाही दाखला रबातचाच. वकिलातीचं नावाचं पत्र या वेळी आम्ही आधीच काढलं आहे.